मोटारीच्या एंजिनची घरगुती दुरुस्ती

मोटारीचे एंजिन बिघडले म्हणजे मालकापुढे दोन मार्ग असतात. गाडी कारखान्यात नेणे हा एक, आणि हत्यारे घेऊन आपणच एंजिन उघडणे हा दुसरा. दुसरा मार्ग नवशिक्याने कधीच धरू नये असे म्हणता येणार नाही. कारण यंत्राचे ज्ञान हाताने काम केल्यावाचून पुरते होत नाही. परंतु एंजिन उघडणे जितके सोपे असते तितके ते पुन्हा जुळविणे सोपे नसते. असे का, हे सिलिंडर-हेडचे गास्केट बदलण्याच्या उदाहरणावरून आपण पाहू.

गास्केटचे कार्य

पेट्रोल एंजिनाचे दोन मुख्य भाग असतात. खालच्या भागास ब्लॉक म्हणतात; त्यातील सिलिंडरांत दट्ट्ये वरखाली सरकतात. त्यावर झाकणासारखे बसते ते हेड. त्यात झडपा व स्पार्क प्लग असतात. या दोहोंमध्ये जी पातळ चकती दाबून बसविलेली असते, तेच गास्केट होय. ज्वलनाचे वायू, थंड ठेवणारे पाणी आणि वंगणाचे तेल यांना एकमेकांपासून अलग ठेवणे हे तिचे काम. ज्वलनाच्या क्षणी वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते, तर त्यापासून काही मिलिमीटरांवरून वाहणारे पाणी ९० अंशांच्या आसपास असते. एवढी मोठी तफावत या चकतीला सोसावी लागते.

तिला आणखीही एक ताण सहन करावा लागतो. अनेक एंजिनांत ब्लॉक बिडाचा व हेड ॲल्युमिनियमचे असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. ४०० मिलिमीटर लांबीचे हेड ७० अंशांनी तापले तर ते ०.६ मिलिमीटरहून थोडे अधिक वाढते. तेवढ्याच लांबीचा बिडाचा ब्लॉक मात्र ०.३ मिलिमीटरच वाढतो. एंजिन तापताना व निवताना प्रत्येक वेळी ही ओढाताण होते. पाणी कमी पडून एंजिन फाजील तापले, तर हेड वाकते आणि गास्केट फुटते.

निदान आधी, पाना नंतर

पाणी वारंवार कमी होणे, निष्कास नळीतून पांढरा धूर सतत येणे, तेलाला दुधाळ रंग चढणे ही या बिघाडाची लक्षणे आहेत. तथापि केवळ लक्षणांवर विसंबून एंजिन उघडू नये. थंडीच्या सकाळी निष्कासातून वाफ निघणे स्वाभाविक आहे, आणि पाणी फुटक्या रबरी नळीतूनही गळू शकते.

खात्रीची परीक्षा दाबमापकाने होते. इंधन व ठिणगी बंद करून, सर्व प्लग काढून, स्टार्टरने एंजिन फिरवावे आणि प्रत्येक सिलिंडरमधील दाब नोंदवावा. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांतील दाब इतरांहून बराच कमी भरला, तर त्यांच्यामधील गास्केट फुटल्याचा संशय बळावतो. एकाच सिलिंडरचा दाब कमी असेल, तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आता दाब वाढला तर दट्ट्याची कडी झिजलेली असण्याचा संभव अधिक. न वाढला तर दोष झडपेत किंवा गास्केटमध्ये शोधावा. ही परीक्षा नवशिक्यालाही साधते आणि तीत एंजिन उघडावे लागत नाही.

जुळविण्यातील अडचण

हेड काढताना बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडेथोडे सैल करतात, आणि तेही एंजिन पूर्ण थंड झाल्यावर. बसविताना क्रम उलटा असतो : मध्यापासून बाहेर, दोनतीन टप्प्यांत. बोल्ट आवळणे म्हणजे त्याला ताठ स्प्रिंगप्रमाणे किंचित ताणणे होय. हा ताण सर्वत्र सारखा नसेल तर हेड एका बाजूस कमी दाबले जाते व नवे गास्केटही लवकरच फुटते. म्हणून आवळण्याचे बल टॉर्क-पान्याने मोजतात. ६० न्यूटन-मीटर आवळणे याचा अर्थ ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी सुमारे २० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावणे. हा अंदाज नुसत्या हाताला येत नाही. शिवाय काही एंजिनांचे बोल्ट एकदाच वापरावयाचे असतात. बोल्टच्या भोकात तेल वा पाणी साचून राहिले तर द्रव दबत नसल्यामुळे ब्लॉकला तडाही जाऊ शकतो.

हेड वाकले आहे की नाही हे अचूक सरळपट्टी व जाडीमापक पात्यांनी तपासतात. येथे मिलिमीटरच्या काही शतांशांचा प्रश्न असतो. वाकलेले हेड यंत्रशाळेत सपाट करून घ्यावे लागते. ते काम घरी होण्याजोगे नाही.

एंजिनाची रचनाही लक्षात घ्यावी. २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या ॲम्बॅसडर गाडीच्या जुन्या १,४८९ घनसेंटिमीटर पेट्रोल एंजिनात झडपा दांड्यांच्या साहाय्याने उघडत. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये झडपा उघडणारा दंड हेडवरच असून तो दातेरी पट्ट्याने फिरतो. अशा एंजिनात हेड काढण्यापूर्वी पट्टा उतरवावा लागतो व नंतर खुणेवर खूण जुळवून बसवावा लागतो. काही एंजिनांत ही खूण चुकली तर उघडी झडप दट्ट्यावर आदळून वाकते.

जीविताचे धोके

गाडीखाली काम करताना तिचा भार केवळ जॅकवर कधीही ठेवू नये. भक्कम आधार-घोडे लावावेत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने ते १०० अंशांच्या वरही द्रवरूप राहते आणि झाकण निघताच वाफ होऊन उसळते. बंद खोलीत एंजिन चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साचते. बॅटरीची ऋण जोडणी आधी सोडावी. रेडिएटरच्या पाण्यात मिसळलेले एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड पण विषारी असते. ते मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावे. विद्युत् व संकरित मोटारींतील नारिंगी वेष्टनाच्या तारांना नवशिक्याने हात लावू नये.

कोठे थांबावे

वरील विवेचनावरून एक मर्यादा आखता येईल. तेल व गाळणी बदलणे, प्लग तपासणे, दाब मोजणे ही कामे नवशिक्याने अवश्य करावीत. हेड काढावयाचे असेल तर आधी त्याच एंजिनाची दुरुस्ती-पुस्तिका, टॉर्क-पाना आणि जाणत्या कारागिराचा सल्ला यांची जुळणी करावी, आणि काढलेला प्रत्येक भाग क्रमाने, चिठ्ठी लावून ठेवावा. रोज लागणारी एकुलती गाडी यासाठी निवडू नये. भंगारातील एखादे जुने एंजिन सरावाला उत्तम. पुस्तिकेत दिलेले माप आपणास घेता येत नसेल, तर तेथेच थांबून पुढचे काम कारागिराकडे सोपवावे. निदान आपण नीट केलेले असल्यास त्यालाही कामाला नेमकी दिशा मिळते, आणि आपला खर्चही मर्यादेत राहतो.