घुंगरांचं ओझं आणि गुडघे

केसपेपरवर तिनं व्यवसाय ‘घरकाम’ सांगितला होता. वय ४८, दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. तपासताना घोट्याच्या वर कातडीचा जाड, काळपट पट्टा दिसला. विचारलं, “ताई, घुंगरं बांधता का?” ती जरा थांबली. म्हणाली, “बांधत होते साहेब. अजूनबी सुपारी आली की जाते.”

रेणापूरच्या आसपास गुडघेदुखीचे रुग्ण रोजचेच. पण तमाशात, संगीतबारीत उभं आयुष्य काढलेल्या बाया दवाखान्यात हे सांगत नाहीत. माळेगावच्या यात्रेत ज्यांना टाळ्या मिळतात, त्यांना ओपीडीच्या रांगेत लाज वाटते. डॉक्टरला मात्र हे कळायलाच हवं.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. आपण ती कौतुकानं सांगतो. मला मात्र त्यात शरीराचं न ऐकण्याची सवय दिसते, आणि ती सवय पोटासाठी लागलेली असते.

रुग्ण म्हणतात, “वंगण संपलंय.” तसं ते संपत नाही. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या द्रवातूनच त्याचं पोषण होतं. स्पंज दाबला-सोडला की पाणी आत-बाहेर होतं, तसंच हालचालीनं इथं होतं. म्हणजे नाच हा गुडघ्याचा शत्रू नव्हे. अंगावर काढलेली दुखापत, सिमेंटच्या फरशीवरचा ठेका, वाढलेलं वजन आणि अशक्त मांड्या यांनी गुडघ्याचं जास्त नुकसान होतं. त्यात फडाचं वेळापत्रक. पावसाळ्यात बसून राहायचं आणि दसऱ्यानंतर एकदम रोज रात्री नाचायचं. बैलालासुद्धा आपण पहिल्याच दिवशी दिवसभर नांगराला जुंपत नाही.

भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलींनीही एक पाहावं. अरमंडीत गुडघे बाहेर वळतात ते खुब्यातून वळायला हवेत. पाऊल जबरदस्तीनं वळवलं तर पीळ गुडघ्याला पडतो.

वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका बाईला मी सरळ सांगितलं होतं, “नाचणं बंद करा.” ती पुन्हा आली नाही. तिच्या घरात चूल कशावर पेटते, हे मी विचारलंच नव्हतं.

या वेळी विचारलं. मग पिशवीतून पुडी निघाली. बाजारातली ‘जडीबुटी’, घेतली की दोन तासांत आराम. चेहरा सुजल्यासारखा गोल, साखर वाढलेली. अशा पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. पुडी महिनोन् महिने घेतली असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. वेदनाशामक गोळ्या मनानं घेणाऱ्यांच्या जठराचं आणि मूत्रपिंडाचं काय होतं, ते आम्ही नेहमी पाहतो.

तिला दिलेले उपाय साधेच होते. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, मांडी ताठ धरायची, दहा आकडे मोजायचे. दोन्ही पायांनी, दिवसातून तीनदा. दुखेल तिथं लावायचं मलम. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे तिला फार पटलं. फरशीऐवजी लाकडी फळ्यांवर सराव, आणि सरावाला घुंगरं कमी. शस्त्रक्रिया सगळ्यात शेवटी. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, तरी बदललेल्या गुडघ्यावर पूर्वीसारखी उडी घेता येत नाही.

सकाळची आखड अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, हाताची बोटं सुजत असतील, तर तो झिजेचा नव्हे, वेगळा संधिवात असू शकतो. त्याची तपासणी आणि औषधंही वेगळी.

बैठकीच्या लावणीचा विषय मीच काढला. यमुनाबाई वाईकर शंभरी ओलांडून जगल्या. ती अदाकारी बसूनच होते. ती हसली, “तेवढा गळा कुठं हाय साहेब!”

तीन महिन्यांनी आली तेव्हा जिना चढून आली. केसपेपरवर व्यवसाय ‘कलावंत’ लिहून घेतला. सोबत १९ वर्षांची भाची. महिन्यापूर्वी घोटा मुरगळलेला, दुसऱ्याच रात्री त्यावर पट्टी गुंडाळून नाचलेली. आधी तिलाच तपासायला घेतलं.