‘जशास तसे’ची संगणकीय परीक्षा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परस्परांशी वारंवार संबंध येणारे दोन पक्ष केव्हा सहकार्य करतात आणि केव्हा दगा देतात, याचा अभ्यास ‘कैद्यांचा पेच’ या खेळाच्या आधारे केला जातो. त्यात दोघांनी सहकार्य केल्यास प्रत्येकी ३ गुण, दोघांनी दगा दिल्यास प्रत्येकी १ गुण, आणि एकानेच दगा दिल्यास त्याला ५ व फसलेल्याला ० गुण मिळतात. १९८० च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी या खेळाच्या निरनिराळ्या डावपेचांचे प्रोग्रॅम तज्ज्ञांकडून मागवून त्यांचे संगणकावर दोनदा सामने लावले.

गैरसमज : विजेता ‘जशास तसे’ हा डावपेच समोरच्या प्रत्येकाला हरवतो.
वस्तुस्थिती : अनातोल रॅपोपोर्ट यांचा हा प्रोग्रॅम पहिल्या फेरीत सहकार्य करतो आणि पुढे प्रतिस्पर्ध्याची आधीची चाल त्याच्यावरच उलटवतो, तो स्वतःहून दगा देत नसल्यामुळे कोणत्याही एका सामन्यात त्याला प्रतिस्पर्ध्याहून अधिक गुण मिळूच शकत नाहीत. तरीही दोन्ही स्पर्धांत तो पहिला आला, कारण बहुतेक प्रतिस्पर्ध्यांशी सहकार्य टिकवून त्याने एकूण बेरीज वाढवली.

गैरसमज : सर्वोत्तम डावपेच कोणता, हे संगणकाने कायमचे सिद्ध केले.
वस्तुस्थिती : निकाल समोर कोण आहे यावर अवलंबून असतो. लागोपाठ दोन दगे झाल्यावरच उलटणारा सौम्य डावपेच पहिल्या स्पर्धेत असता, तर तोच जिंकला असता, असे ॲक्सेलरॉड यांना आढळले. मात्र जॉन मेनार्ड स्मिथ यांनी तो दुसऱ्या स्पर्धेत उतरवला, तेव्हा त्याच्या क्षमाशीलतेचा फायदा घेणारे प्रोग्रॅम तेथे असल्याने तो ६२ प्रवेशिकांत २४ वा आला.

गैरसमज : प्रत्येक दग्याला तत्काळ प्रत्युत्तर देणेच हिताचे असते.
वस्तुस्थिती : चाल चुकण्याची शक्यता गृहीत धरली की चित्र पालटते. ‘जशास तसे’ खेळणाऱ्या दोघांपैकी एकाकडून एकदा जरी चूक झाली, तरी ते आळीपाळीने एकमेकांना दगा देत राहतात. मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड यांनी १९९२ मध्ये दाखवले, की अशा परिस्थितीत अधूनमधून क्षमा करणारा ‘उदार’ डावपेच टिकतो. वरील गुणपद्धतीत क्षमेचे हे प्रमाण सुमारे एकतृतीयांश येते.

गैरसमज : अशा प्रयोगांवरून दोन राष्ट्रांतील संघर्षाचे भाकीत करता येते.
वस्तुस्थिती : गुण, चुकांचे प्रमाण आणि प्रतिस्पर्ध्यांचा संच अभ्यासकाने आधी ठरवलेला असतो, आणि राष्ट्रांच्या लाभहानीला असे नेमके आकडे क्वचितच देता येतात, त्यामुळे कोणती अट बदलली असता सहकार्य टिकते किंवा ढासळते, एवढेच हे प्रयोग खात्रीने सांगू शकतात.