अडीचशे लिटर समुद्र

गुरुवार हा पुण्यात दुरुस्तीचा वार. कधी नळाला पाणी नसतं, कधी वीज जाते, एखाद्या गुरुवारी दोन्ही. मे महिन्यातल्या अशाच एका गुरुवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आमच्या दिवाणखान्यातला आवाज थांबला. घरात समुद्री टाकी असली की हा आवाज थांबलेला झोपेतही कळतो. पंपाची घरघर, वरून खाली पडणाऱ्या पाण्याची धार, फेस काढणाऱ्या स्किमरची खळखळ, सगळं एकदम गप्प झालं. थर्मामीटरवर २७.२ अंश होते. मी बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपाची नळी पाण्यात सोडली, फ्रीझरमध्ये गोठवलेल्या बाटल्या किती आहेत ते पाहिलं आणि वहीत वेळ लिहून ठेवली. चार वर्षांपूर्वी अशाच गुरुवारी मी घरभर धावलो होतो. त्या धावपळीनेच जास्त नुकसान झालं होतं.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. तिच्याखालच्या कपाटात एक लहान टाकी, तिला 'संप' म्हणतात. वरचं पाणी पाइपातून संपात उतरतं, तिथे गाळलं जातं, आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. सगळं मिळून पाणी अडीचशे लिटर. काच, खडक आणि लोखंडी स्टँड धरून वजन चारशे किलोच्या घरात. म्हणून टाकी तुळईच्या भिंतीला लागून ठेवली आहे. वीज गेली की वरचं थोडं पाणी आपसूक संपात उतरतं. तेवढी जागा संपात रिकामी ठेवायची असते, हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा वीज गेली तेव्हा दिवाणखान्यात खारं पाणी पसरलं आणि 'संप' या शब्दाचा मराठी अर्थही कळला.

या टाकीत दगडी प्रवाळ एकही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं आहेत; त्यांच्यासोबत काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखेही. वाघाचं नाव ज्या यादीत आहे त्याच यादीत समुद्रतळावरचं हे चुनखडीचं झुडूप आहे. 'लाइव्ह रॉक' म्हणून जो खडक विकला जातो तोही बहुतेकदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. म्हणून खडक मी घरीच केले. पांढरं सिमेंट, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा आणि खडे मीठ ओल्या वाळूतल्या साच्यात थापलं. सिमेंट घट्ट झाल्यावर पाण्यात टाकलं की मीठ विरघळून जातं आणि खडकाला भोकं पडतात. पण सिमेंट पाण्याला अल्कधर्मी करतं. गच्चीवरच्या पिंपात ते खडक दोन महिने बुडवून ठेवले, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदललं. पीएचचा कागद सुरुवातीला गडद निळा व्हायचा. पीएच साडेआठच्या खाली आला तेव्हा खडक घरात आले.

मग मीठ. शुद्ध पाण्याच्या लिटरमागे साधारण ३६ ग्रॅम समुद्री मीठ, म्हणजे स्वयंपाकाचं नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम सगळं प्रमाणात असतं. पाणी 'शुद्ध' म्हणजे टीडीएस शून्य. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतो आणि त्या पाण्याचा आकडा मीटरवर सातशेच्या वर दिसतो. ते आरओतून आणि मग रेझिनच्या नळकांड्यातून जातं. एक लिटर हाती येईपर्यंत तीन लिटर मोरीकडे निघतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, "दादा, टँकर विकत घेता आणि सोडून देता होय?" तेव्हापासून ते पाणी बादल्यांत भरतं, फरशी आणि कुंड्या त्यावर निभतात.

पाणी, मीठ आणि खडक झाले तरी समुद्र होत नाही. त्याला जिवाणू लागतात. माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू खडकाच्या भोकाभोकांत वस्ती करतात, आणि वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे जातात. त्यांना सुरुवातीचं अन्न म्हणून मी मंडईतून एक कच्ची कोळंबी आणून पाण्यात टाकली. आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वास आल्यावर म्हणाली, "खायची कोळंबी कुजवायला समुद्र केलास का?" प्रश्न बरोबर होता. अमोनियाच्या चाचणीचा रंग हिरव्यावरून पिवळ्यावर यायला ३४ दिवस लागले, आणि तेवढे दिवस मी रिकाम्या टाकीपुढे खुर्ची टाकून बसत होतो.

खरा रोजचा उद्योग बाष्पीभवनाचा. एप्रिलमध्ये टाकीतून दिवसाला चार लिटर पाणी उडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. त्यामुळे भर घालायची ती गोड्या पाण्याची; इथे खारं पाणी घातलं की टाकी दिवसेंदिवस खारट होत जाते. क्षारता हजारात ३५ भाग, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, एवढ्या चिंचोळ्या जागेत तिला धरून ठेवायचं. उडणाऱ्या पाण्याचा फायदाही आहे. पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की एक लिटर उडताना अडीचशे लिटर पाणी दोन अंशांहून जास्त उतरेल एवढी उष्णता सोबत नेतं. माठाचंच तत्त्व. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते उत्तम चालतं. मुंबईच्या दमट हवेत पंखा फारसं काही करत नाही, तिथे चिलर घ्यावा लागतो. जुलैमध्ये पुण्यातही माठ आणि पंखा दोघे सुस्तावतात.

उडालेल्या पाण्याची भर आपोआप घालणारा तरंगता खटका मी बसवला होता. एका रात्री एक गोगलगाय त्या खटक्यावर जाऊन बसली. सकाळपर्यंत खालच्या पिंपातलं वीस लिटर गोडं पाणी टाकीत शिरलं होतं आणि गुरुत्व १.०२३ वर आलं होतं. आता पिंपात एका वेळी पाच लिटरच पाणी भरतो. खटका अडकला तरी पाच लिटरच्या पुढे घात होत नाही.

प्रवाळं यायच्या आधी शेवाळ येतं. आधी खडकावर तपकिरी धूळ बसते, ती डायटमची. मग लालसर, चिकट साय येते, ते सायनोबॅक्टेरिया. मग हिरवे केस. या महिन्यांत टाकी गटारासारखी दिसते आणि पाहुण्यांना दाखवायची लाज वाटते. बाजारात प्रत्येक रंगाच्या शेवाळासाठी वेगळी बाटली मिळते. मी दोन बाटल्या ओतल्या. शेवाळ गेलं, पाठोपाठ गोगलगाईही गेल्या. पुढच्या वेळी रबरी नळीने साय ओढून काढली, दिव्याचे तास दहावरून सातवर आणले, खाणं निम्मं केलं आणि थांबलो. तीन महिन्यांनी खडकांवर जांभळट थर दिसू लागला. हे चुनखडी साठवणारं शेवाळ. ते आलं की टाकी वयात आली असं म्हणतात.

त्यानंतर कलमं आणली. हा शब्द आमच्या घरात आपसूक रुजला, कारण काम तेच. दुसऱ्या एका शौकिनाच्या टाकीतल्या लेदर या मऊ प्रवाळाची टोपी त्याने ब्लेडने कापली. एक तुकडा मी शिंपल्याच्या चुऱ्याने भरलेल्या वाटीत ठेवला आणि वर जाळी बांधली. मशरूम प्रवाळही तसंच लावलं, कारण त्याला गोंद चालत नाही. ते बुळबुळीत असतं, सुटून वाहत जातं. जाळीखाली दोन-तीन आठवड्यांत त्याने स्वतःच चुरा धरला. झोअँथिड या प्रवाळांच्या भाऊबंदांना मात्र हातमोजे आणि चष्म्याशिवाय हात लावत नाही. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, आणि झोअँथिड चिकटलेला खडक उकळत्या पाण्यात टाकून वाफेने माणसं आजारी पडल्याची उदाहरणं आहेत.

लेदरने पहिल्याच महिन्यात घाबरवलं. एका सकाळी त्याने सगळे तंतू आत ओढले, अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा चढला. मी जागा बदलली, प्रवाह वाढवला, आयोडीन घातलं. ते आणखी आकसलं. ज्याच्याकडून कलम आणलं त्याला फोन केला तर तो हसला: "कात टाकतंय. हात काढ बाहेर." आठव्या दिवशी पापुद्रा सुटून वाहून गेला आणि लेदर पूर्वीपेक्षा मोठं उघडलं. वहीत मी त्या दिवशी पहिल्यांदा 'काही केलं नाही' ही नोंद केली. आता ती वहीतली सगळ्यात जास्त वेळा येणारी नोंद आहे.

पण शहाणपण एकदाच येऊन राहत नाही. दुसऱ्या वर्षी टाकी देखणी झाली होती. दोन क्लाउनफिश, एक गोबी, एक साफसफाई करणारी कोळंबी. क्लाउनफिश हॅचरीत जन्मलेले होते. त्यांची बंदिस्त पाण्यात पैदास करण्याचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडेही आहे, त्यामुळे या एका माशासाठी समुद्रात जाळं टाकायची गरज नाही. जोडीतला थोराड मासा मादी. सगळे जन्मतात नर, आणि जो वरचढ ठरतो तो मादी होतो. एवढं सगळं असताना एका संध्याकाळी दुकानात निळा टँग दिसला. चार फुटांची टाकी त्याला अपुरी, हे मला ठाऊक होतं. नवा मासा महिनाभर वेगळा ठेवायचा, हेही ठाऊक होतं. मी तो त्याच रात्री टाकीत सोडला.

सहाव्या दिवशी त्याच्या परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले. क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी. माशाच्या अंगावरून तो वाळूत उतरतो, तिथे कोशात वाढतो आणि शेकड्याने पुन्हा पाण्यात येतो. त्यावर औषध तांब्याचं. पण तांबं प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगाय या सगळ्यांचा जीव घेतं, म्हणून ते टाकीत घालता येत नाही. खडक बाहेर काढून मासे पकडेपर्यंत टँग गेला, तिसऱ्या दिवशी गोबी गेला. क्लाउनफिश चाळीस लिटरच्या टबमध्ये तांब्याच्या पाण्यात वाचले. आणि मोठी टाकी माशांवाचून ठेवली. अंगावर चढायला मासाच मिळाला नाही की परजीवी मरतो. त्यासाठी शौकिनांचा दंडक ७६ दिवसांचा.

त्या ७६ दिवसांत टाकी जितकी पाहिली तितकी एरवी कधी पाहिली नव्हती. खाणारं कुणी नसल्याने रात्री काचेवर पांढरे ठिपके पळताना दिसू लागले. ते कोपेपॉड, टाचणीच्या डोक्याहून लहान कवचधारी. खडकाच्या भोकांतून बारीक किडे तोंडं काढत होते. मशरूमच्या एका वाटीच्या तीन झाल्या. दोषी मी होतो, आणि मी हात लावत नव्हतो तोवर पाणी स्वतःला सावरत होतं.

तर चार वर्षांपूर्वीचा गुरुवार. तेव्हा तापमान २९.३ वर गेल्यावर मी पाच गोठवलेल्या बाटल्या एकदम सोडल्या होत्या. एक लिटरची बाटली अडीचशे लिटर पाणी जेमतेम अर्धा अंश उतरवते. पाच बाटल्यांनी तासाभरात दोन अंशांहून जास्त उतरवलं. उन्हाने जे आकसलं नव्हतं ते माझ्या उपायाने आकसलं. दोन मशरूम विरघळून गेले.

उष्णतेचा धोका खोटा मात्र नाही. दगडी असो वा मऊ, यांतल्या अनेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर त्यांच्यासाठी अन्न शिजवतं. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्याहून एखाद्या अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. हेच विरंजन. लक्षद्वीपमध्ये १९९८ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं, २०२४ मध्येही झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या विरंजनाची घोषणा केली. माझ्याकडे पंखा आहे, फ्रीझर आहे, वही आहे. लक्षद्वीपच्या पाण्याला यातलं काही नाही.

या मेमधल्या गुरुवारी साडेबाराला २८ अंश झाले तेव्हा एक बाटली सोडली. अडीचला दुसरी. चार वाजता लेदरची टोपी थोडी वाकली होती, क्लाउनफिश तिच्याखाली डोलत होते. चार चाळीसला वीज आली, २८.१ अंशांवर. पंप आधी खोकला, मग धार पडू लागली. रात्रीपर्यंत पंख्याने पाणी २६.५ वर आणलं.

घरी येणारे विचारतात, आम्हीही ठेवू का? मी खर्चाचा आकडा सांगत नाही, वही दाखवतो. ठेवायचीच असेल तर खडक घरी करा, अनुसूचीतलं काही विकत घेऊ नका, आणि झोअँथिड नुसते पाहायचे असतील तर मोठ्या ओहोटीला मुंबईत हाजी अलीच्या खडकांवर जा. ते तिथे फुकट दिसतात, फक्त पायाखाली येऊ देऊ नका आणि उचलून आणू नका. तरीही टाकी हवीच वाटली, तर पहिले दोन-तीन महिने तिच्यात खडक, खारं पाणी आणि एक कुजकी कोळंबी एवढंच असेल. तेवढ्यात कंटाळा आला तर तिथेच थांबा. नुकसान फक्त मिठाचं होईल.