नवी पिकअप घेताय? सवलतीच्या आकड्याआधी कोटेशनच्या ओळी वाचा

करमाळा : उजनीच्या बॅकवॉटरकाठी पिकअपशिवाय पान हलत नाही. कंदर, वांगी, चिखलठाण भागातली केळी, भिगवणच्या बाजारात जाणारी मासळी, खताची पोती, ऊसाचं बेणं, सगळं तिच्यावरच. दर खेपेला भाडं मोजण्यापेक्षा स्वतःची गाडी बरी, असा हिशेब मग घरात होतो. पण शोरूममध्ये गेल्यावर बोलणं एकाच प्रश्नावर अडतं, ‘किती कमी करता?’ समोरचा वीस-पंचवीस हजार सोडतो, गिऱ्हाईक खूश होतं. त्याच्या कितीतरी पट रक्कम मात्र कोटेशनच्या दुसऱ्या ओळींतून आणि हप्त्यातून जाऊ शकते.

आधी किंमत फोडून घ्या

ऑन-रोड किंमत हा एक आकडा नसतो. एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कर व नोंदणी, विमा, फास्टॅग, अ‍ॅक्सेसरीज आणि इतर आकार अशी ती बेरीज असते. कोटेशन छापील, सही-शिक्क्याचं आणि प्रत्येक ओळ वेगळी दाखवणारं मागावं. एकाच मॉडेलची, एकाच टनेजची अशी किमान तीन कोटेशन हातात असली की घासाघीस करायला जोर येतो. एकाच कंपनीच्या दोन शोरूमचीही तुलना करावी.

शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी किती दिले, हा आधार आता चालत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. म्हणजे 100 रुपये मूळ किमतीची गाडी 128 ऐवजी 118 ला. जुन्या किमतीवर ही घट पावणेआठ टक्क्यांच्या आसपास बसते. ही करातली कपात आहे, शोरूमने दिलेली सवलत नाही. सवलत मागायची ती नव्या किमतीवर.

कुठल्या ओळीवर भाव होतो

सरकारी करावर भाव होत नाही. राज्यात 1 जुलै 2025 पासून 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर आहे. करमाळा, माढ्याची गाडी अकलूजला एमएच 45 मध्ये, तर इंदापूरची बारामतीला एमएच 42 मध्ये पास होते. आरटीओला जेवढे भरले तेवढ्याची पावती मिळते. कोटेशनमधली रक्कम त्या पावतीशी जुळली पाहिजे. गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, 3,000 किलोपेक्षा जास्त असेल तर परमिट लागतं. त्याचा खर्च धरला आहे का, तेही विचारावं.

‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’, ‘फाईल चार्ज’ या नावांचा कुठलाही सरकारी कर नाही. ही ओळ सरळ काढायला सांगावी.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. भाड्याने चालणाऱ्या 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टीचा मूळ हप्ता सरकारने 2022 मध्ये 16,049 रुपये ठरवला. तो सगळ्या कंपन्यांना सारखाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. बाहेरून एक कोटेशन आणून दाखवलं तरी तिथे पैसे कमी होऊ शकतात.

ताडपत्री, जाळी, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम नको असेल तर ‘पॅकेज’ घेऊ नये. जुनी गाडी द्यायची असेल तर तिचा भाव वेगळा ठरवावा. दोन्ही व्यवहार एकत्र केले की इकडे दिलेलं तिकडे काढलं तरी कळत नाही.

हप्त्यातलं टक्क्याचं गणित

सगळ्यात मोठा फटका इथे बसतो. समजा 8 लाखांचं कर्ज, 5 वर्षांसाठी, व्याज 9 टक्के. हे 9 टक्के ‘फ्लॅट’ असतील तर पाचही वर्षं पूर्ण 8 लाखांवर व्याज लागतं. व्याज 3 लाख 60 हजार, हप्ता सुमारे 19,333 रुपये. तेच 9 टक्के ‘रिड्यूसिंग’ असतील तर उरलेल्या मुद्दलावरच व्याज लागतं. हप्ता सुमारे 16,607 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 1 लाख 96 हजार. टक्का तोच, फरक 1 लाख 63 हजारांहून जास्त. फ्लॅट 9 टक्के म्हणजे खरे पावणेसोळा टक्क्यांच्या घरात जातात.

म्हणून ‘हप्ता किती बसेल?’ एवढंच विचारून थांबू नये. मुदत वाढवली की हप्ता कमी दिसतो, व्याज मात्र वाढतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या कर्जाला बँक किंवा फायनान्स कंपनीने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायचं असतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. प्रोसेसिंग फीसकट खरा वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. तो कागद वाचल्याशिवाय सही करू नये. शोरूमच्या फायनान्सवाल्याकडे जाण्याआधी आपल्या बँकेचा दर विचारून ठेवावा.

वेळ आणि रोख

दसरा, पाडव्याला गर्दी असते, गिऱ्हाईकाला घाई असते. भाव आधी ठरवून लिहून घ्यावा, गाडी मुहूर्तावर आणावी. महिनाअखेर आणि मार्चअखेर विक्रीचं टार्गेट असतं, तेव्हा शोरूम जास्त ऐकून घेतं. नव्या वर्षात गेल्या वर्षी बनलेली गाडी मिळत असेल तर त्याची सवलत वेगळी मागावी. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष येतं, पुढे विकताना गिऱ्हाईक तेच बघतं.

केळीचे पैसे हातात आले म्हणून सगळे रोख देता येत नाहीत. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला विक्रेत्याला कायद्याने बंदी आहे. गाडी 10 लाखांच्या वर असेल तर 1 टक्का टीसीएस कापला जातो. रिटर्न भरताना तो मागता येतो, म्हणून पॅन नंबर बरोबर द्यावा.

बुकिंगची रक्कम परत मिळेल की नाही, डिलिव्हरी कधी, हे पावतीवर लिहून घ्यावं. फसवणूक झाली तर 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. पण तिथे बोलण्यापेक्षा कागद कामाला येतो. हार-नारळाआधी कोटेशन, टॅक्स इनव्हॉईस, विम्याची पॉलिसी आणि आरटीओची पावती असे चारही कागद शेजारी ठेवून आकडे जुळवून बघावेत. जुळले नाहीत तर उरलेली रक्कम देण्याआधीच विचारावं. गाडी दारात आल्यावर विचारणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.