धूर एक, घाव दोन

मुंबईच्या वडापावातला पाव भाजणाऱ्या अनेक भट्ट्यांच्या तोंडाशी वर्षानुवर्षे जुन्या फर्निचरचे, मोडक्या दारे-खिडक्यांचे भंगार लाकूड रचले गेले आहे. ते स्वस्त पडते. पण रंग-पॉलिशचे थर चढलेले, ओलसर लाकूड धड जळत नाही. भट्टीत हवा कमी पडते आणि अर्धवट जळलेला कार्बन काजळी होऊन धुराड्यातून बाहेर पडतो. अशा भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर न्या, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. चिंता होती ती मुंबईकरांच्या श्वासाची. या काजळीचे उपद्रव मात्र तिथेच संपत नाहीत.

काजळीचे कण अडीच मायक्रॉनहूनही बारीक असतात. श्वासाबरोबर ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत उतरतात. हवेत तरंगताना हेच काळे कण ऊन शोषून भोवतालची हवा तापवतात आणि हिमालयातल्या बर्फावर बसले तर तो लवकर वितळवतात. कार्बन डायऑक्साइड वातावरणात शतकानुशतके ठाण मांडतो. काजळी फार तर काही दिवस किंवा आठवडे टिकते. म्हणूनच ती थांबवल्याचा लाभ लगेच पदरात पडतो.

देवनारच्या कचराभूमीतही हेच दुहेरी संकट आहे. १९२७ पासून तिथे मुंबईचा कचरा पडतो आहे. त्यातला ओला कचरा थराखाली दबला की त्याला प्राणवायू मिळत नाही; तो जिवाणूंमुळे कुजतो आणि मिथेन तयार होतो. वीस वर्षांचा हिशोब केला तर वजनास वजन मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट तापमानवाढ घडवतो. शिवाय वातावरणातल्या रासायनिक क्रियांतून तो जमिनीलगतचा ओझोन वाढवतो आणि हा ओझोन फुफ्फुसांना व पिकांनाही घातक ठरतो. मिथेन पेटतोही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला आणि परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

उगम एक असला, तरी प्रत्येक उपाय खराब हवा आणि तापमानवाढ या दोन्ही दुखण्यांवर चालतोच असे नाही. युरोपने हा धडा महागात घेतला. डिझेल मोटारी कमी कार्बन डायऑक्साइड सोडतात म्हणून तिथल्या सरकारांनी त्यांना करसवलती दिल्या. परिणामी शहरांच्या हवेत नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी साचली. आपल्याकडे उलट घडू शकते. औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातला गंधक चुनखडीने काढून टाकता येतो आणि तो काढायलाच हवा. पण त्या क्रियेत थोडा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच. काही उपाय तर उगमाला हातच लावत नाहीत: रस्त्यावर पाणी मारले की धूळ बसते, पण धुराड्यातला धूर तसाच निघत राहतो.

पावाच्या भट्टीलाही हीच कसोटी लावू. लाकडाऐवजी पाइपने येणारा गॅस वापरला की काजळी जवळपास नाहीशी होते, पण गॅसही जीवाश्म इंधनच. विजेची भट्टी गल्लीतला धूर पुरता थांबवते. ती वीज कोळशाची असेल, तर धूर दुसऱ्या कुणाच्या गावी निघतो. वीज जसजशी सूर्य-वाऱ्याकडे वळेल, तसतशी हीच भट्टी दोन्ही हिशोबांत उजवी ठरेल. विजेवरच्या बसलाही हेच लागू आहे.

मुंबईच्या २०२२ च्या वातावरण कृती आराखड्यानुसार शहराच्या हरितगृह वायूंमध्ये ऊर्जेचा वाटा सुमारे ७२ टक्के, वाहतुकीचा २० आणि कचऱ्याचा ८ टक्के आहे. शहराची हवा बिघडवणाऱ्यांच्या यादीतही हीच नावे येतात. तरीही २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची कामगिरी मुख्यतः पीएम १० या जाड्या कणांवरून जोखली जाते. ज्याचे मोजमाप होते, त्यावरच पैसा खर्च होतो. म्हणून झाडू-यंत्रे आणि पाण्याचे टँकर पुढे येतात, तर ओल्या कचऱ्याचे वर्गीकरण, भट्ट्यांना अनुदान आणि बसचा ताफा मागे राहतो.

हवेसाठीच्या प्रत्येक योजनेपुढे दोन आकडे छापले गेले पाहिजेत: किती सूक्ष्म कण घटणार आणि किती हरितगृह वायू घटणार. हे दोन आकडे आपल्या नगरसेवकाकडे मागा. आणि ओला कचरा आजपासूनच वेगळा काढा.