वीजजाळ्यावर हल्ला : बंदुकीने आणि माउसने

युक्रेन, २३ डिसेंबर २०१५
सायबर हल्ल्याने वीज गेल्याची पहिली सर्वमान्य घटना. तीन वितरण कंपन्या, सुमारे सव्वादोन लाख ग्राहक. ईमेलला जोडलेल्या फाइलीतून घुसखोर कित्येक महिने आधीच आत शिरले होते. नियंत्रण कक्षात पडद्यावरचा कर्सर आपोआप फिरून ब्रेकर पाडत होता, ऑपरेटर नुसते बघत होते. तक्रार केंद्राचे फोन खोट्या कॉलनी तुंबवले. कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने ब्रेकर जोडले, तेव्हा काही तासांत वीज आली.

मेटकाफ, कॅलिफोर्निया, १६ एप्रिल २०१३
आधी फायबर केबल तोडल्या, मग वीज उपकेंद्रावर कुंपणाबाहेरून गोळीबार. १७ ट्रान्सफॉर्मर निकामी. थंड ठेवणारे तेल वाहून गेले. वीज दुसऱ्या मार्गाने वळवल्यामुळे अंधार टळला.

आयटी की ओटी?
आयटी म्हणजे बिले, ईमेल, कार्यालयीन संगणक. ओटी म्हणजे ब्रेकर, पंप, झडपा चालवणारी यंत्रणा; युक्रेनमध्ये हल्ला हिच्यापर्यंत पोहोचला होता. अमेरिकेच्या कलोनिअल पाइपलाइनवर (मे २०२१) खंडणीखोरांनी आयटी गाठली. इंधनवाहिनी कंपनीनेच खबरदारी म्हणून बंद केली.

मुंबई, १२ ऑक्टोबर २०२०
वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. राज्याच्या सायबर विभागाला घातपाताचा संशय. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांच्या मते मानवी चूक.