दायमाबादचा गेंडा : मेण वितळते, धातू उरतो

नाशिक, प्रतिनिधी - तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे नाशिकचे नाव सर्वदूर पोहोचले. भांडे पत्रा ठोकून घडविता येते, भरीव प्राणी मात्र ओतावाच लागतो. या ओतकामाचा थक्क करणारा पुरावा गोदावरीच्याच खोऱ्यात, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे मिळाला.

सन 1974 मध्ये झाडाचे मूळ खणताना तेथील एका ग्रामस्थाला हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलजोडीचा रथ अशा चार मूर्ती सापडल्या. त्यांचे एकत्रित वजन सुमारे 60 किलो भरते. रथाच्या दांडीवर चक्क एक कुत्रा उभा आहे! गेंडा व म्हैस यांना चाके आहेत. आज महाराष्ट्रात गेंडा नाही. तरीही त्याच्या कातडीच्या घड्या कारागिराने नेमक्या टिपल्या आहेत. केवळ ऐकीव वर्णनावरून हे साधणे कठीणच.

या मूर्ती मेणाच्या साच्यातून ओतल्या असल्याचे मानले जाते. 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथातही ही पद्धत सांगितली आहे. आधी मेणाचा प्राणी घडवायचा. त्यावर बारीक मातीचा, मग जाड मातीचा लेप द्यायचा. लेप तापविला की मेण वाहून जाते आणि आत प्राण्याच्या आकाराची पोकळी उरते. तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते. तो रस या पोकळीत ओततात. निवल्यावर साचा फोडावा लागतो. साहजिकच, त्यातून दुसरी मूर्ती निघत नाही. पोकळ मूर्तीत धातूची बचत होते. दायमाबादच्या मूर्ती मात्र भरीव आहेत. जाड भाग सावकाश निवतो, आकसतो आणि तेथे खड्डा पडण्याची भीती असते. शिवाय त्या काळी दुर्मिळ असलेला धातू खेळण्यासारख्या वस्तूंवर इतक्या सढळ हाताने कोणी का खर्च केला असावा?

मूर्तींच्या काळावरही वाद आहे. एम. एन. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी या पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या ठरविल्या. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूतील एक टक्क्याहून अधिक आर्सेनिककडे बोट दाखविले. ताम्रपाषाण काळातील इतर वस्तूंत असे मिश्रण आढळत नसल्याने मूर्ती नंतरच्या असू शकतात, असे त्यांचे म्हणणे. मूर्ती शास्त्रीय उत्खननात नव्हे, तर झाडाच्या मुळाशी हाती लागल्याने या वादाला जागा राहिली.